अ‍ॅलिस स्टेजवर आणायची आहे, ससोबाचं बीळ कुठून आणू?

विंगेतली

मंडळी, मदत हवी आहे. थोडं रडायचंही आहे.

आमच्या सोसायटीत (ठाणे) दर मे महिन्यात मुलांचं नाटक बसवायचं काम माझ्या गळ्यात पडतं. यंदा १७ मुलं आहेत, वय वर्षं ५ ते १३. हॉलमधलं स्टेज १८ फूट रुंद, जेमतेम १० फूट खोल. विंगा म्हणजे वाळत घालायच्या दोरीवर टाकलेल्या चादरी. या वेळी राक्षस-परी-राजकन्या नको म्हणून 'अ‍ॅलिस इन वंडरलँड' घेतलं. भाषांतर आयतं घेतलेलं नाही, मूळ पुस्तक पुढ्यात ठेवून मीच लिहितेय.

आता पहिला प्रवेश लिहून झाल्यावर कळतंय की काय करून बसले. दार १५ इंचाचं. बाटलीतलं प्यायल्यावर बाई १० इंचांच्या, केक खाल्ल्यावर ९ फुटांहून उंच, पुढे अळीसमोर उभ्या राहतात तेव्हा ३ इंच. माझी अ‍ॅलिस ४ फूट ५ इंच आहे आणि तिला तेवढंच राहायचंय. कोट्यांचं काय करायचं तेही कळत नाहीये.

तिसरी अडचण माणसाची आहे. समितीतले एक काका रोज तालमीला येऊन बसतात. त्यांचं म्हणणं, "गोष्ट काय आहे यात? मुलगी बिळात पडते, हिंडते, जागी होते. बोध काय?" त्यांनीच तोडगाही काढलाय: अ‍ॅलिस बिळात न पडता मोबाइलमध्ये पडते, आत सगळे वेडे भेटतात, शेवटी ती मोबाइल आईच्या हातात देते आणि मैदानावर खेळायला जाते. टाळ्या. समितीच्या ग्रुपवर या कल्पनेला ११ अंगठे आलेत.

कोणी अ‍ॅलिसचं नाटक पाहिलंय का? लोक हे करतात तरी कसं?

---

चहात उंदीर

काकांना डचेस करा!! नवव्या प्रकरणात ती बाई अ‍ॅलिसच्या खांद्यात हनुवटी खुपसून प्रत्येक वाक्याला बोध जोडत सुटते. मोहरी, फ्लेमिंगो, काहीही. प्रत्येक गोष्टीत बोध असतोच, फक्त शोधता आला पाहिजे, हे तिचंच म्हणणं. काकांना पाठांतरसुद्धा लागणार नाही.

---

विंगेतली

हसून हसून गडबडा लोळले! कल्पना धोकादायक आहे. विचार करते.

---

जुना पडदा

ताई, तुमच्या काकांना सांगा की खुद्द लेखकानेच हात वर केले आहेत. कॅरलने एका पत्रात लिहून ठेवलंय की ही पुस्तकं धार्मिक शिकवण देत नाहीत, खरं तर काहीच शिकवत नाहीत. गणिताचा मास्तर आणि चर्चचा डीकन असा माणूस हे लिहितो, म्हणजे बघा.

नाटकाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हा माझा जुना नाद आहे.

पुस्तक आलं १८६५ला. डॉजसन (कॅरलचं खरं नाव) स्वतः नाटकवेडा. १८७७मध्ये त्याने आर्थर सलिव्हनला, म्हणजे गिल्बर्ट आणि सलिव्हन या विनोदी संगीतिकावाल्या जोडीतल्या सलिव्हनला, अ‍ॅलिसच्या गाण्यांना चाली लावाल का म्हणून विचारलं होतं. ते जमलं नाही. शेवटी १८८६मध्ये हेन्री सॅव्हिल क्लार्क नावाच्या नाटककार-समीक्षकाने परवानगी मागितली. डॉजसनने होकार दिला, पण कुठेही अचकटविचकट काही येणार नाही याची लेखी हमी घेतली. आपण ख्रिसमसची पँटोमाइम (गाणी-विनोदांचं नाताळी नाटक) म्हणतो त्यात तेव्हा काय काय चालायचं ते पाहिलं तर ही अट कशाला घातली ते कळतं.

त्याचं दुसरं म्हणणं होतं, दोन पुस्तकांची भेळ करू नका. क्लार्कने यावर मधला मार्ग काढला. पहिला अंक 'वंडरलँड', दुसरा अंक 'थ्रू द लुकिंग ग्लास'. २३ डिसेंबर १८८६ला लंडनच्या प्रिन्स ऑफ वेल्स थिएटरात पडदा वर गेला. संगीत वॉल्टर स्लॉटरचं. जाहिरातीत 'म्युझिकल ड्रीम प्ले' म्हटलं होतं. हे 'ड्रीम' महत्त्वाचं. क्लार्कने अ‍ॅलिसला तिथे जायला कारण दिलं नाही, उद्देश दिला नाही, खलनायक दिला नाही. स्वप्न आहे, पडलं. पुढे चला.

आता माझा आवडता तुकडा. वॉलरस आणि सुतार शिंपल्यांतली कालवं फसवून खातात ती कविता. पुस्तकात ती 'सगळी खाऊन झाली' इथे संपते. क्लार्कला रंगमंचावर तेवढ्यावर सोडवेना, म्हणून डॉजसनने खास नाटकासाठी जादा ओळी लिहून दिल्या. खाल्लेल्या कालवांची भुतं येतात आणि झोपलेल्या दोघांच्या छातीवर नाचतात. पुस्तकात जे निवांतपणे क्रूर होतं ते स्टेजवर आल्यावर लेखकालाच सूड घेऊन द्यावा लागला. नाटक नावाची गोष्ट लेखकाला कशी वाकवते ते इथे दिसतं. या भुतांपैकी एक होती आयसा बोमन नावाची मुलगी. दोन वर्षांनी ग्लोब थिएटरात नाटक परत लागलं तेव्हा तीच अ‍ॅलिस झाली.

पहिली अ‍ॅलिस फीबी कार्लो. झोपाळू उंदीर (डॉरमाउस) झाली होती डॉरथी डॅल्कोर्ट, वय साडेसहा. डॉजसनने पुढच्या वर्षी 'थिएटर' मासिकात लेख लिहिला, त्यात या दोघींचं तोंड भरून कौतुक आहे. त्या लेखातली पात्रांची वर्णनं तुमच्या दिग्दर्शनाला उपयोगी पडतील. बदामराणी म्हणजे आवरता न येणारा, आंधळा संताप. लाल राणीही संतापीच, पण थंड, शिस्तीची, जगातल्या सगळ्या मास्तरणींचा अर्क. दोघींना एकसारखं ओरडायला लावू नका, एवढं जरी केलंत तरी निम्मं काम झालं. ससा म्हणजे अ‍ॅलिसच्या बरोब्बर उलट: ती तरुण, धीट, ठाम, तो म्हातारा, भित्रा, डळमळीत. आपल्याकडे सशाला टुणटुणीत करायची खोड आहे. तो थकलेला, उशीर झालेला कारकून करून बघा.

जाता जाता: १८८९च्या इंग्लंडमधल्या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना धंदेवाईक नाटकात उभं करायला बंदी आली. म्हणजे साडेसहाचा तो उंदीर तीन वर्षांनी झाला असता तर स्टेजवर चढलाच नसता.

---

लिंबूटिंबू

जुना पडदा, वाचनखूण साठवली. असं लिहीत जा हो.

---

रेडिंगकर

मी रॉयल बॅलेचं पाहिलंय, कव्हेंट गार्डनला. ख्रिस्टोफर व्हील्डनची नृत्यरचना, जोबी टॅलबटचं संगीत, २०११मध्ये पहिल्यांदा आलं. मी पाहिलं ते नंतरचं, तीन अंकी. पहिल्या वर्षी दोनच अंक होते. दीड वीत अंतरावर समोरच्याचं टक्कल, पण तरी.

विंगेतली, तुम्हाला उपयोगाचं म्हणजे त्यातलं मांजर, पुस्तकात विरत विरत शेवटी नुसतं हसू मागे ठेवणारं. बोका एका तुकड्यात नाहीच. डोकं वेगळं, पंजे वेगळे, शेपूट वेगळं, अंगाचे तुकडे वेगळे. प्रत्येक तुकडा काळ्या कपड्यातला एकेक माणूस धरून असतो. एकत्र आले की अवाढव्य मांजर, पांगले की हवेत नुसतं डोकं. शेजारची सात-आठ वर्षांची पोरगी माणसं सरळ दिसत असूनही मांजराकडेच बघत होती. हे तुम्ही पुठ्ठ्याने करू शकता. काळे टीशर्ट घाला आणि सुटा. टोपीवाला टॅप डान्स करतो, हे अगदी चपखल, कारण तो बडबड्या आहे आणि बॅलेत बडबड करायची तर पायांनीच.

मात्र तिथेही 'कारण' घुसलंच. अ‍ॅलिसला मोठं केलंय, तिचं माळीकाम करणाऱ्या जॅकवर प्रेम. त्याच्यावर टार्ट चोरल्याचा आळ येतो, तो स्वप्नात बदामाचा गुलाम होतो. बॅलेला दोघांचं नृत्य लागतंच, समजू शकते. पण जेव्हा जेव्हा ते दोघं गुंफून नाचायला लागत, मला वाटे, चला आता, मांजर आणा.

आणि तुमच्या काकांसाठी खास बातमी. मोबाइलची कल्पना इंग्लंडच्या नॅशनल थिएटरने करून झालीय! २०१५, 'वंडर डॉट लँड'. संगीत डेमन अल्बर्नचं, शब्द मॉयरा बफिनीचे, दिग्दर्शक रूफस नॉरिस. आधी मँचेस्टरच्या महोत्सवात, मग लंडनला. शाळेत छळ सोसणारी, आईबाप विभक्त झालेली मुलगी अ‍ॅली फोनमधल्या एका खेळात शिरते आणि तिथे स्वतःसाठी 'अ‍ॅलिस' नावाचा सुंदर अवतार बनवते. मी लंडनला पाहिलं. पडद्यावरची करामत डोळे दिपवणारी. पण बाहेर पडल्यावर मला मुख्याध्यापिका तेवढी आठवत होती, कारण ती एकटीच विनाकारण दुष्ट होती. बाकी सगळ्यांना कारणं होती.

---

विंगेतली

रेडिंगकर, हा प्रतिसाद मी समितीच्या ग्रुपवर टाकला. उत्तर आलं: "म्हणजे कल्पना आंतरराष्ट्रीय दर्जाची आहे."

---

तिरकस रेघ

सगळे कौतुक करतायत म्हणून थोडं मीठ टाकतो. अ‍ॅलिस स्टेजवर चालतच नाही, आणि काकांचा मुद्दा तुम्ही हसण्यावारी नेताय तो मुळात बरोबर आहे.

नाटकाला पुढे काय होणार ही ओढ लागते. इथे मुलगी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते, प्रत्येक खोलीत एक विक्षिप्त तिचा अपमान करतो, ती निघून जाते. हे बारा वेळा. कोणताही प्रसंग उचलून दुसरीकडे ठेवा, काही बिघडत नाही. वाचताना ठीक आहे, कंटाळा आला की पुस्तक मिटता येतं. खुर्चीत बसवलेला आजोबा काय मिटणार? 'पीटर पॅन' बघा. १९०४मध्ये ते आधी नाटक म्हणून आलं, कादंबरी मागून. त्याला हुक आहे, मगर आहे, घरी परतायची ओढ आहे. म्हणून ते शंभर वर्षं चाललं. लोक अ‍ॅलिसला प्रियकर देतात, फोन देतात, घटस्फोटित आईबाप देतात, ते काही मूर्ख म्हणून नाही. त्यांनी तालमीत जांभया ऐकलेल्या असतात.

---

जुना पडदा

तिरकसराव, जांभयांचा मुद्दा मान्य. पण क्लार्कचं नाटक, कारणाशिवायचं, पुढे कैक वर्षं नाताळात परत परत लागत राहिलं. कंटाळवाणं असतं तर लंडनच्या थिएटरवाल्यांनी ते परत लावलं असतं होय? ते काही समाजसेवा करत नव्हते.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कचं. इव्हा ल गॅलियनने डिसेंबर १९३२मध्ये सिव्हिक रेपर्टरीत अ‍ॅलिस केलं, फ्लोरिडा फ्रीबसच्या साथीने लिहून. दोन्ही पुस्तकं, संवाद शक्यतो मूळचे, पात्रं मूळ पुस्तकाचा चित्रकार टेनियल याच्या चित्रांतून उठून आल्यासारखी. अ‍ॅलिस जोसेफिन हचिन्सन. स्वतः ल गॅलियन पांढरी राणी झाली. पन्नास वर्षांनी, १९८२ला, तिनेच ते ब्रॉडवेवर परत आणलं आणि ८३व्या वर्षी तारेला लटकून पांढरी राणी म्हणून उडाली. ते पुनरुज्जीवन लवकर बंद पडलं, हे तुमच्या बाजूने धरा. पण १९३२चं चाललं होतं.

ओढ लागते म्हणता, ती अ‍ॅलिसमध्येही आहे, पण 'पुढे काय' अशी नाही. ही पोरगी आता याला काय उत्तर देणार, अशी आहे. घरी आलेले पाहुणे मुलांशी कसे बोलतात आठवा. 'कितवीत? पाढे येतात? म्हणून दाखव.' अळी, डचेस, राणी सगळे तेच करतात. 'कोण तू?' आणि 'म्हणून दाखव.' ती शेवटपर्यंत सभ्यपणे उत्तरं देते आणि कोर्टात एकदाच सुटते: तुम्ही नुसते पत्ते! १७ मुलं असलेल्या हॉलमध्ये हे वाक्य पडेल तेव्हा बघा.

---

तिरकस रेघ

शेवटचं वाक्य पडेल हो. त्याच्या आधीचे ७० मिनिटं कोण सांभाळणार?

---

ठोकळेबाज

७० मिनिटं कशाला? ४० करा. प्रश्न मिटला.

आता उंचीचं. राज्य नाट्य स्पर्धेला वर्षानुवर्षं नेपथ्य ठोकलंय, त्या जोरावर सांगतो. अ‍ॅलिसला हात लावू नका, बाकीचं जग हलवा. दोन टेबलं घ्या. एक नेहमीचं, त्यावर किल्ली. दुसरं मंडपवाल्याकडचं लोखंडी, त्याच्या पायांखाली प्रत्येकी चार विटा, वर फळी, खालपर्यंत लोंबणारी चादर. अंधारात अदलाबदल, १५ सेकंद, तेवढ्यात एखादं घड्याळ टिकटिक करू द्या. उजेड आला की तीच मुलगी टेबलाच्या पायाला हात लावून वर बघतेय. किल्लीही दोन, दुसरी पुठ्ठ्याची दोन फुटी. मोठं व्हायचं असेल तेव्हा बाकी सगळ्यांना गुडघ्यावर आणा, तिला लांब झग्यात स्टुलावर उभी करा. फक्त स्टूल धरायला झग्याच्या मागे एक भरवशाचं मूल ठेवा. भरवशाचं. हे दोनदा लिहितोय.

आणि पैसे नसतील तर माणसं वापरा. आंद्रे ग्रेगरीने १९७०मध्ये न्यूयॉर्कला फक्त सहा नटांत अ‍ॅलिस केलं. जवळजवळ दोन वर्षं तालीम, सामान म्हणजे टेबल-खुर्च्या, छत्र्या, पॅराशूटचं फाटकं कापड. अळीचं अळंबी नटांच्याच अंगाचं. आपल्याला हे परकं नाही. १९७२च्या 'घाशीराम'मध्ये बामणांची रांग म्हणजेच पडदा, रांग म्हणजेच भिंत, पाठ फिरवली की संपलं. तुमच्याकडे १७ जण आहेत. १२ जणांची दोन रांगांत भिंत करा, हात वर करून, आणि अ‍ॅलिस त्यांच्यामधून हळूहळू खाली सरकते. झालं बीळ.

---

खमंग काकडी

अवांतर: जोनाथन मिलरने १९६६मध्ये बीबीसीसाठी अ‍ॅलिस केलं होतं, त्याला संगीत पंडित रविशंकरांचं होतं. नाटक नाही, फिल्म आहे. पण त्यातली युक्ती घेण्यासारखी: एकालाही प्राण्याचा मुखवटा नाही. ससा, उंदीर, कासव सगळे साधे व्हिक्टोरियन कपड्यातले चिडके म्हातारे. मुखवट्यात मुलांचा आवाज अडकतो, पहिल्या रांगेलाही ऐकू येत नाही, हा माझा स्नेहसंमेलनांचा अनुभव. कान लावा हेअरबँडला, बास.

---

कोटीभास्कर

कोट्यांवर माझा अधिकार नावातच आहे.

भाषांतर करू नका, जागा शोधा. नकली कासव शाळेतले विषय सांगतं तिथे बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकारच्या जागी बेरकी, वादाबाकी, अवगुणाकार आणि भांडाकार घ्या. मूळ इंग्रजीत त्याच जागी असलेच वाकडे शब्द आहेत.

पुढे कासव म्हणतं, पहिल्या दिवशी दहा तास शाळा, दुसऱ्या दिवशी नऊ, मग आठ. इंग्रजीत 'लेसन' म्हणजे धडा आणि तशाच उच्चाराचा दुसरा 'लेसन' म्हणजे कमी होणं, अशी कोटी. मराठीत आयती आहे: "म्हणून तर त्याला तास म्हणतात. रोज थोडा थोडा तासतात!" मी हे लिहून स्वतःच उठून पाणी प्यायलो.

कवितांचं तसंच. अ‍ॅलिस पाठ कविता म्हणायला जाते आणि तोंडातून भलतंच येतं. तिथे कॅरलने त्या काळच्या इंग्रज पोरांकडून घोकून घेतलेल्या सोज्ज्वळ कविता मोडल्यात. आपल्या प्रेक्षकाला मूळ कविता माहीत नसेल तर मोडण्यात गंमत काय? म्हणून जे पाच वर्षांच्यालाही येतं तेच मोडा:

ये रे ये रे माशा,
तुला देतो ताशा,
ताशा फुटला मोठा,
मासा निघाला खोटा!

---

चहात उंदीर

'रोज तासतात' बद्दल साष्टांग.

---

तिरकस रेघ

हे मात्र आवडलं. नाटक तरीही पडणार.

---

कलम बहाद्दर

परवानगीबद्दल कोणी विचारलं नाही म्हणून. कॅरल १८९८ला गेला, टेनियल १९१४ला. मूळ मजकूर आणि मूळ चित्रं दोन्ही कधीच मोकळी झालीत. पण एखादं अलीकडचं मराठी रूपांतर उचलत असाल तर त्याची परवानगी लागते. आणि डिस्नेच्या १९५१च्या चित्रपटातली रूपं नकोत, टेनियलचीच बघून काढा.

गंमत म्हणून: इंग्लंडात तेव्हा कादंबरीचं नाटक करायला लेखकाची परवानगी लागतच नसे. १८८८मध्ये 'लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय'चं न विचारता कोणीतरी नाटक केलं. ते थांबलं ते एका आडवाटेने: नाटकाच्या प्रती काढताना कादंबरीतले उतारे जसेच्या तसे उतरवले, ती नक्कल बेकायदा ठरली. नाटक करणं नव्हे, लिहून काढणं! नाट्यरूपांतराचा हक्क लेखकाला नीट मिळाला तो १९११च्या कायद्याने. त्या काळात क्लार्कने आधी विचारलं, हे लक्षात घ्या.

---

खमंग काकडी

काकांना डचेस करायचं असेल तर साडी नेसवा. मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'त दिलीप प्रभावळकर चिंची चेटकीण झाले होते, पुढे २०१८ला वैभव मांगले. पुरुषाने केलेली दुष्ट बाई मुलांना एकाच वेळी भीती आणि हसू दोन्ही देते. इंग्लंडच्या पँटोमाइममध्येही तेच चालतं.

---

विंगेतली

झाला एकदाचा प्रयोग. उशिरा लिहितेय, कारण तीन दिवस आवाजच नव्हता.

४५ मिनिटं. बीळ माणसांचं केलं. पहिल्या तालमीत अ‍ॅलिस मधेच अडकली आणि भिंत हसत सुटली, पण प्रयोगात उतरली. तीही उलटी, डोकं खाली, ते मी सांगितलेलं नव्हतं. विटांचं टेबल अप्रतिम चाललं, ठोकळेबाज, तुम्हाला एक वडापाव लागू. अदलाबदलीला १५ नव्हे ४० सेकंद लागली. अंधारात टिकटिक करणाऱ्या पोराने तेवढ्यात बाराचे टोले दिले आणि मग एकाचाही. स्टूल धरायला भरवशाचं मूल ठेवलं होतं, ते शेव खायला गेलं. अ‍ॅलिस ९ फुटांवरून 'आई गं' करत ४ फूट ५ इंचांवर आली. प्रेक्षकांना वाटलं तसंच आहे.

रेडिंगकर, बोका पाच तुकड्यांत केला. हसू रेडियमच्या पट्टीचं. बाकीचे तुकडे विंगेत गेले, हसू धरलेली मुलगी जायचं विसरली आणि पुढचा अख्खा प्रवेश कोपऱ्यात एक हसू हलत राहिलं. ते तसंच ठेवायला हवं होतं मी मुळात.

'तासतात'ला हशा मोठ्यांचा, 'अवगुणाकार'ला मुलांचा. 'ये रे ये रे माशा' आता लिफ्टमध्ये ऐकू येतं.

तिरकस रेघ, तुमचंही खरं निघालं. चहापार्टीनंतर राणीच्या क्रोके खेळापर्यंत हॉल सैल झाला, मागच्या दोन रांगा फोनवर होत्या. तिथे सात मिनिटं कापायला हवी होती. कोर्टात मात्र 'तुम्ही नुसते पत्ते' झालं आणि खाली बसलेली बारकी पोरं, जी नाटकात नव्हतीच, तीही उठून ओरडायला लागली. पुढची दोन वाक्यं कोणालाच ऐकू आली नाहीत.

आणि हो, काका डचेस झाले. मी भीतभीत विचारलं तर म्हणाले, "नऊवारीच नेसणार." प्रत्येक वाक्याला बोध काढायचा हे त्यांना इतकं आवडलं की लिहिलेले सहा संपल्यावर त्यांनी मनाचे चार जोडले, त्यातला एक थकलेल्या मेंटेनन्सबद्दल होता. प्रयोगातली सगळ्यात मोठी टाळी त्यांचीच. रात्री खुर्च्या उचलताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मुलं छान झाली. पण शेवटी बोध काय दिला आपण?"

असो. फ्रिजच्या खोक्यांतून कापलेले ३० पत्ते (साडेतीन फुटी, दोन्ही बाजूंनी रंगवलेले, इस्पिकची दुर्री फाटलेली) आणि दोन फुटी किल्ली आमच्या जिन्याखाली पडून आहे. रविवारी भंगारवाला येतो. ठाण्यात कोणाला शाळेसाठी हवं असेल तर त्याआधी व्यक्तिगत निरोप करा, टेम्पो तुमचा.